परक्या मायले दिलेली ओ

अकोला, ता. ९ जानेवारी १९४४

तीर्थस्वरूप माय पार्बताबाईस देवीदासचा दंडवत.

मी जिवंत आहे, हे तुले सरकारी तारेनं कळलं असन. आता माह्या हातानं कळवतो. वर्सभरानं मुंबईच्या लष्करी दवाखान्यातून सुटलो, फौजेतून नाव कमी झालं. तिकीट बडनेऱ्याचं होतं, पण उतरलो अकोल्याले. इथं एका जिनिंगात लारी चालवतो, कापसाच्या गाठी स्टेशनावर नेऊन टाकतो. हंगाम आहे, काम लय आहे, म्हून सध्या अमरावतीले येणं जमत नाई. तब्येत बरी आहे.

शेजारच्या शकुनबाईनं दवाखान्यात कार्ड पाठवलं होतं. मी बेपत्ता असल्याची तार आली त्या दिवसापासून तू रोज दुपारी माहं ताट वाढतं आन् दारातून हाक मारतं, असं तिनं लिहिलं. माय, हात जोडतो, ते बंद कर.

चार वर्साआधी तुह्या मनाविरुद्ध मी फौजेत गेलो त्या सकाळी तू वांग्याच्या वाफ्यातून मले तीनदा हाक मारली. मी सडकेवर होतो. ऐकू आली होती. मी ओ दिली नाई. त्यानंतर तुहं एक कार्ड आलं नाई, तेही बराबरच झालं.

वामनराव गुरुजींस देवीदासचा नमस्कार. मायले वाचता येत नाई, तवा हे पत्र शेजारधर्म म्हून तुमीच वाचून दाखवान. इथून पुढचं मात्र दाखवू नका. चौथीपर्यंत तुमी मले शुद्ध लिहायले शिकवलं, पण शुद्ध लिहायले बसलो की खोटं लिवल्या जाते. म्हून बोलतो तसंच लिहून राहिलो.

जिनिंगाचं काम हे कारण नाई. दवाखान्यात डाक्टरनं माहं नाव तीनदा पुकारलं. मी नुसता बसून होतो. शेवटी शेजारच्या खाटेवरच्यानं ढोसलं. पण कुठं दार वाजलं, आन् कोणी 'मिफ्ताह' म्हतल्यासारखं वाटलं, तर मी ताडकन उठून उभा राहतो. हे नाव कोणाचं, ते पुढच्या खेपेले लिहीन.

अकोला, ता. ३० जानेवारी १९४४

गुरुजींस नमस्कार. बेपत्ता होतो ते दहा महिने मी कुठं होतो, असं तुमी इचारलं. हा भाग मायले खुशाल वाचून दाखवा.

माय, मिसर देशाच्या पलीकडे समुद्राच्या काठी सूसा नावाचं गाव आहे. आजचं गाव लहान, पन्नास-साठ घरं. पण त्याच्या बाजूले जुनं गाव पडलं आहे, ते लय मोठं. गुरुजी शाळेत रूमच्या बादशाहीचं सांगत, त्या काळातलं. मंग पहिल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तिथं देवळं बांधली. छपरं गेली, संगमरवरी खांब उभे आहेत. एकेका खांबावर क्रूस कोरला आहे. आन् अर्धं गाव समुद्रात आहे. कधीकाळी धरणी हालली आन् तेवढं खाली बसलं म्हणतात. वारा नसला की वरून सगळं दिसते. पायऱ्या, भिंती, दाराच्या चौकटी. मासोळ्या त्या चौकटींतून अशा ये-जा करतात का जशा घरच्या बायाच. मी पहिल्यांदा पाहिलं तवा वाटलं, खालचे लोक आत्ताच उठून आतल्या खोलीत गेले.

बेचाळीसच्या माघात आमचा तांडा मागं हटत होता. डोंगरात माही लारी फसली, मी एकटा मागं राहिलो, आन् जर्मनाच्या गाड्या माह्या पुढं निघून गेल्या. तीन दिवस झुडपांतून चालत त्या देवळांपाशी उतरलो. तिथं खडकात खोदलेली एक कोठी होती. तोंड एवढं लहान का पोटावर सरकत जावं लागे. आत मात्र माणूस उभा राही. जमिनीत बारक्या रंगीत दगडांचे दोन मोर बसवले होते. मोर पाहून मले जरा धीर आला. त्याच्या आत आणखीन एक खोली होती, काळीकुट्ट. जुने लोक तिथं आपले मुर्दे ठेवत. दुसरीकडं कुठं जावं? तिथंच पडून राहिलो.

दुसऱ्या दुपारी तोंडाशी काठी वाजली. बाईचा आवाज आला, "मिफ्ताह?"

मी आणखीन आतल्या बाजूले सरकलो.

"मिफ्ताह?"

मंग एक टोपली आत सरकली. जवाची भाकर, जैतुनाची फळं, पाण्याची सुरई. पण ती बाई जाईना. मले समजलं का ओ आल्याबिगर ही हलत नाई, आन् अशी उघड्यावर उभी राहिली तर कोणीतरी पाहीन. तिकडे मायले 'उम्मी' म्हणतात, एवढं मले फौजेत कळलं होतं. मी घोगऱ्या आवाजात म्हतलं, "उम्मी."

बाहेर ती रडली.

तिचं नाव मब्रूका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले, म्हून तिले आत सरकता येत नव्हतं. रोज दुपारी येई. हाक मारी, मी ओ देई, मंग ती खडकावर बसून बोलत राही. आपण वऱ्हाडात अर्धे शब्द उर्दूचे बोलतो, त्याच्या आधारानं मले हळूहळू कळायले लागलं. तिथं राज्य करणाऱ्या इटलीवाल्यांनी तिच्या पोराले जबरदस्तीनं पलटणीत घातलं होतं. तो पळून आला. तिनं त्याले याच कोठीत लपवलं. ती त्याच्याशी बोलत होती. दहा महिने, माय, मी तिचा मिफ्ताह झालो.

गुरुजी, इथं थांबा. पुढचं तुमच्यापुरतं.

दहा-बारा दिवस झाले असतील. थंडी अशी का दात वाजत. आतल्या खोलीत दगडाची एक लांब पेटी होती, झाकण अर्धं सरकलेलं. काही पोतं-चिंधी सापडन म्हून मी अंधारात आत हात घातला. लोकरीचं घोंगडं हाताले लागलं. ओढलं तर जड. त्यात माणूस गुंडाळला होता. वाळून काटूक झाला होता, पण पायातले बूट नवे होते, आन् शर्टाले पलटणीची बटनं. तो रूमच्या बादशाच्या काळातला मुर्दा नव्हता, गुरुजी. तो मिफ्ताह होता.

मी घोंगडं काढून घेतलं. बूटही काढले. झाकण सरकवलं. आन् दुसऱ्या दुपारी तिची हाक आली तवा ओ दिली.

अकोला, ता. २० फेब्रुवारी १९४४

गुरुजी, वाचू नका म्हतलं तेही तुमी मायले वाचून दाखवलं. तुमी थांबले तवा तिनं कागद हातात घेतला, उरलेल्या ओळींवरून बोट फिरवलं, आन् "हे कोणासाठी लिवलं?" असं इचारलं, असं तुमी लिहिता. ठीक आहे. आता सगळंच वाचा.

माय, तू एकच सवाल पाठवला, "तू निघून आला त्या दुपारी त्या बाईनं काय केलं?" मले माहीत नाई. एवढंच सांगू शकतो का नोव्हेंबरात इंग्रजांच्या गाड्या सडकेवर दिसल्या आन् मी ओरडत धावलो. सोजिरांनी पाणी पाजलं, गाडीत घातलं. गाडी वळली तवा खडकांतून ती येताना दिसली. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपली धरलेली. 'थांबा' म्हतलं असतं तर गाडी थांबली असती. तिचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारली असती तर तिनं ऐकली असती. मी मान खाली घातली.

त्या वक्ताले मी मनाले समजावलं का ओ तर तिले मिळनच. असं काहून समजावलं, ते आजपावेतो कोणाले सांगतलं नाई.

त्या उन्हाळ्यात मले हिवताप आला होता. जीभ टाळूले चिकटून बसली. पहिल्या दुपारी मब्रूका आली, तिनं हाक मारली. मी तोंड उघडलं, आवाजच निघेना. तिनं पुन्हा हाक मारली. आन् माह्या मागच्या खोलीतून ओ आली.

"उम्मी."

आवाज माह्याहून बारीक, कोवळा. मब्रूका हसली. दहा महिन्यांत तिले हसताना तवाच ऐकलं. मंग ती नेहमीसारखी बोलत बसली, आन् मी त्या दगडाच्या मोरांवर गाल टेकून पडून होतो. तीन दिवस असंच झालं. चौथ्या दिवशी माहा ताप उतरला आन् मीच ओ दिली. त्या दिवशी ती लवकर उठून गेली.

तापात भास होतात, असं तुमी म्हणान गुरुजी. मीही तसंच म्हतलं. पण भास माहा होता तर तो तिले कसा ऐकू आला?

माय, मी काहून येत नाई, ते आता सांगतो. मले असं वाटते का मी तिथून एकटा निघालो नाई. तू दारातून हाक मारशीन, आन् माह्या आधी दुसराच कोणी ओ देईन. तू त्या बाईसारखी हसशीन आन् ताट वाढशीन. मी तिथंच उभा असन, आन् माहं काहीच चालणार नाई.

अकोला, ता. १९ मार्च १९४४

गुरुजींस नमस्कार. मायले बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं, हे तुमी आधी कळवलं असतं तर मी गाव सोडून पळालो असतो. म्हूनच कळवलं नाई, हे समजलं. ती परवा परत निघाली, सुखरूप पोचली असन. ती तिच्या परीनं सांगन, मी माह्या परीनं लिहितो.

जुन्या शहरात मोर्णेच्या काठी दुर्गाबाई नावाच्या बाईच्या घरी माही खोली आहे. मंगळवारी मी तापानं पडलो होतो. तोच जुना हिवताप. भर दुपार होती. बाहेर दुर्गाबाई कोणाशी तरी बोलत होती, आन् मंग पायरीवरून हाक आली.

"देवीदास!"

चार वर्सांनी ऐकली, गुरुजी. उठायले गेलो, उठता येईना. तोंड उघडलं, जीभ हालेना. मले कळलं आता काय होणार आहे. मी डोळे मिटून घेतले.

खोलीच्या कोपऱ्यात माही लष्करी पेटी आहे. त्या बाजूनं ओ आली. "माय."

उम्मी नाई म्हतलं त्यानं. माय म्हतलं. अगदी आपल्या वऱ्हाडातल्या पोरानं म्हणावं तसं.

मी ती हसायची वाट पाहत होतो. पण मायचा आवाज आला, "हा माहा पोरगा नोहे."

दुर्गाबाई म्हणे, "अवं, तोच आहे ना. आत निजला आहे तापानं."

"निजला असन. पण हे बोललं ते दुसऱ्या कोणाचं लेकरू आहे."

मंग ती आत आली. आधी माह्याकडे नाई आली. कोपऱ्याकडे तोंड करून खाली बसली, हातातली मेथीची जुडी बाजूले ठेवली, आन् बोलली, "बाबू, तुही माय तिकडे हाका मारून थकली असन. तू इथं काहून राहिला रे?"

ती तशीच बसून राहिली, कोणाच्या मनाची तयारी व्हायची वाट पाहावी तशी. मंग उठून माह्यापाशी आली, कपाळावर हात ठेवला. मी लहान पोरासारखा रडलो. मागल्या चार वर्सांचा एक शब्द तिनं काढला नाई.

संध्याकाळी ताप उतरला तवा म्हणे, "ज्याचं घोंगडं पांघरलं त्याले उघडा टाकून आला तू. जा, त्याले मातीत ठेव. त्याच्या मायले खरं काय ते सांग. मंग घरी ये."

मी म्हतलं, "लढाई चालू आहे माय. आता मले तिकडे कोण नेईन?"

"मागल्या खेपेले कोणी नेलं होतं?"

लढाईचं मोडकं सामान गोळा करायले तिकडे ड्रायवर लागतात असं ऐकलं आहे. नाव नोंदवून आलो. कवा बोलावतील ठाऊक नाई, पण बोलावलं की जाणार. दुर्गाबाईनं खोली खाली करायले सांगतलं आहे. कोपऱ्यातली ती ओ तिनंही ऐकली होती.

सूसा, ता. १४ ऑक्टोबर १९४५

तीर्थस्वरूप मायले देवीदासचा दंडवत. गुरुजी, हे सगळं वाचून दाखवा.

लढाई संपली, आता गावाचं नाव लिहू देतात. दीड वर्स वाट पाहण्यात गेलं, पण अखेर आमची टोळी इथून दहा कोसांवर उतरली. पहिल्याच सुट्टीले मी लारी घेऊन सूसाले आलो.

मब्रूका आहे. आता तिले काहीच दिसत नाई. भावाच्या घरी ओसरीवर बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, पण कोणत्या नावानं सांगावं तेच समजेना. नुसता सलाम केला. तिनं मान वर केली.

"तू दुसरा ना?"

मी खाली बसलो. सगळं सांगतलं. घोंगडं, बूट, गाडीत मान खाली घातली ते. घोंगडं दवाखान्यात जाळून टाकलं, तेही सांगतलं. ती ऐकत होती. मंग बोलली ते आपल्या बोलीत लिहितो.

"त्याचे डोळे मी माह्या हातानं मिटवले, लेकरा. तवा मले आत सरकता येत होतं. पळून येताना गोळी लागली होती त्याले, चार दिवस जगला. मुर्दा गावात आणला असता तर इटलीवाल्यांनी घर पेटवलं असतं. म्हून भावानं त्याले पेटीत ठेवलं. तरी मी रोज जाई, हाक मारी. एक दिवस तुही ओ आली. मी रडली, का ती त्याची नव्हती."

"मंग भाकर काहून आणत होत्या?"

"तू भुका होता म्हून."

मंग म्हणे, "तीन दिवस तो स्वतः बोलला. तू आत होता म्हून बोलला. मंग तू गेला, आन् कोठीतून कोणाचीच ओ येईना. महिनाभर गेली मी. मंग समजली का तो तुह्या संगं गेला. एकटा पडन त्यापेक्षा बरं. तू त्याले कवा आणून सोडतं, याची वाट पाहत होती."

काल त्याले बाहेर काढलं. तिचा भाऊ, गावातले चौघं आन् मी. पेटीत तो तसाच होता, पाय उघडे. त्यांच्या रीतीनं कोऱ्या कापडात गुंडाळला. कबर टेकडीवर खोदली, जिथं समुद्र पोचत नाई. मब्रूकाले मी पाठीवर घेऊन त्या कोठीच्या तोंडापाशी आणलं, तसा तिनं हट्टच धरला होता. खाली उतरवल्यावर तिनं काठी खडकावर वाजवली आन् हाक मारली.

"मिफ्ताह?"

आमी सहा जण उभे होतो. पाण्यातल्या भिंतींवर लाटा आपटत होत्या. आतून काही आलं नाई. माह्या मागूनही काही आलं नाई. मी मुद्दाम वळून पाहिलं, तिथं नुसते खांब होते.

ती खूप वेळ कान देऊन उभी होती. दुसऱ्यांदा हाक मारली नाई. मंग एकदम खाली बसली आन् मोठ्यानं रडली, तिचा पोरगा त्याच घटकेले गेला असं. संगं आलेल्या गावातल्या बायांनी तिले धरलं. आमी माती द्यायले वर गेलो.

आज निरोप घ्यायले गेलो तवा तिनं माह्या तोंडावरून हात फिरवला, आन् माहं नाव इचारलं. दहा महिने तिच्या हातची भाकर खाल्ली, पण तिले ते ठाऊक नव्हतं. मी सांगतलं. तिच्या जिभेवर बसेना. पुन्हा सांगतलं. तिसऱ्या खेपेले तिनं ते पुरं म्हतलं, आन् मी 'हो' म्हतलं.

परतीचं जहाज पौषात आहे.

तुहा
देवीदास